पायाला हात लावणारा डॉक्टर हवा

‘वय ४१, बाई. गारमेंट फॅक्टरीत उभ्याचं काम. तीन महिन्यांपासून पाय दुखतात, रात्री आग होते. शुगर आहे. कृपया गोळी सांगा.’ रात्री अकरानंतर मोबाइलवरून विचारले जाणारे प्रश्न साधारण या साच्याचे असतात. त्यात नाव नसतं, आडनाव तर नसतंच. कुणी ते डॉक्टरांच्या अ‍ॅपवर विचारतं, कुणी एखाद्या व्हिडिओखाली, आणि आता कुणी थेट चॅटबॉटला. उत्तरही ठरलेलं असतं. कॅल्शियम घ्या, बी-ट्वेल्व्ह तपासा, पाय उशीवर ठेवून झोपा, त्रास वाढल्यास जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

हा लेख बेंगळुरूच्या राजाजीनगराबद्दल आहे, त्याला कारण आहे. मोबाइलवरून डॉक्टर गाठण्याचा धंदा या देशात ज्या शहरातून फोफावला ते हेच शहर. प्रॅक्टो ही कंपनी २००८ मध्ये इथेच सुरू झाली. आणि याच शहराच्या राजाजीनगरात कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं, म्हणजे लोक ज्याला नुसतं ‘ईएसआय’ म्हणतात ते मोठं रुग्णालय आहे, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पीण्याच्या कारखान्यांतले कामगार, शिलाईच्या फॅक्टऱ्यांतल्या बाया, कंत्राटावरचे सफाई कामगार हे सगळे मेट्रोच्या चार-सहा स्टेशनांच्या अंतरात राहतात. त्यांत तमिळ, तेलुगू, कन्नड बोलणारे दलित आहेत. बीदर, बेळगाव, सोलापूर, लातूरकडून आलेले मराठी बोलणारे आहेत. नागपूर-चंद्रपूरहून आयटीत नोकरीला आलेली आपली पोरंही आहेत. रुग्णालय इतक्या जवळ असताना पायाचं दुखणं मोबाइलला का सांगावं लागतं, हा खरा प्रश्न आहे.

शिकलेल्या लोकांकडे याचं सोपं उत्तर असतं: लोक अडाणी आहेत, त्यांना गूगल डॉक्टर बरा वाटतो. हे उत्तर मला मान्य नाही. प्रश्न विचारणारी बाई अडाणी नाही, ती हिशेबी आहे. रुग्णालयात जायचं म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडते. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त द्यायची रांग, रिपोर्ट घ्यायला पुन्हा दुसरा दिवस. सुपरवायझरला कारण सांगावं लागतं. कन्नड नीट येत नसेल तर प्रत्येक खिडकीवर तोंड पाहत उभं राहावं लागतं. त्यापेक्षा रात्री भांडी आवरल्यावर मोबाइल हातात घेणं स्वस्त पडतं.

पण हा हिशेब फक्त पैशांचा नाही, आणि नेमकी हीच बाजू आरोग्यावर लिहिणारे बहुतेक लोक सोडून देतात. या हिशेबात अपमानाचाही एक रकाना आहे. ‘पूर्ण नाव काय?’ ‘गाव कुठलं?’ ‘गावात कुठे राहता?’ हे प्रश्न वरवर साधे दिसतात. ज्याला ते आयुष्यभर विचारले गेलेत त्याला त्यांचा अर्थ कळतो. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानच्या निवडक गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पर्श टाळण्याची बाब ठळकपणे पुढे आली. तपासताना हात लावायचा नाही, औषध हातात द्यायचं नाही, असा तो व्यवहार. शहरात हे इतकं उघड होत नाही. शहरात डॉक्टर टेबलापलीकडून मान वर न करता लिहितो, आणि तो गर्दीमुळे घाईत आहे की आणखी कशामुळे, हे ओळखायचं काम रुग्णावर सोडलेलं असतं.

मोबाइलवर ही भानगड नाही. तिथे आडनाव लिहावं लागत नाही. चप्पल बाहेर काढा असं कुणी सांगत नाही. भेगा पडलेल्या, कामाने काळवंडलेल्या टाचा बघून कुणी नाक मुरडत नाही. हा दिलासा खरा आहे आणि तो कुणी हलक्यात घेऊ नये. विशेषतः बायांसाठी. मांडीतली गाठ, अंगावरून जाणं, गरोदरपणात फुगलेल्या शिरा, या गोष्टी पुरुष डॉक्टरांसमोर आणि मागे उभ्या असलेल्या रांगेसमोर बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं असतं.

तरीही या दिलाशाची किंमत आपण मोजत आलो आहोत का, हे पाहायला हवं. त्यासाठी मला शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका उपचाराची आठवण करून द्यावीशी वाटते.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्याचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. सूड उगवला जाईल या भीतीने त्याने आपलं नाव छापू दिलं नव्हतं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. छातीला सूज, श्वास लागेना, बरगड्यांत कळा. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेरच तपासीन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या पोरासह वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावलं, आणि त्याच वाटेने ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात आकडा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. तो निघून गेला आणि औषध पाठवून दिलं. पुन्हा बघायला ये म्हटलं तर आला नाही. ती बाई गेली.

या उपचारात काय काय होतं ते नीट पाहा. डॉक्टर होता. फी होती. एक यंत्र होतं आणि त्या यंत्राचा आकडा होता. निदान होतं. औषधसुद्धा होतं. नव्हता तो एकट्या हाताचा स्पर्श. छातीला कान लागला नाही, नाडी कुणी धरली नाही, दुसऱ्या दिवशी बघायला कुणी आलं नाही.

ऑनलाइन सल्ल्याची रचना हीच आहे. डॉक्टर वस्तीबाहेर, रुग्ण वस्तीत, मध्ये एक यंत्र, यंत्रावर आकडा, आणि औषध पाठवून दिलेलं. काठेवाडचा डॉक्टर आणि आजचा ऑनलाइन डॉक्टर सारखेच दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. आजच्या डॉक्टरला समोरच्याची जात माहीतही नसते, आणि त्यांतले कित्येक जण मनापासून मदत करतात. मुद्दा वेगळा आहे. त्या शिक्षकाने स्पर्शासाठी विनवण्या केल्या होत्या. त्याला माहीत होतं की तपासलं गेलं नाही तर बायको वाचणार नाही. आज तोच न मिळालेला स्पर्श आपल्याला ‘सोय’ या नावाने विकला जातो आहे, आणि अपमानाला कंटाळलेले आपण तो आनंदाने सोडून देतो आहोत. अपमान टाळण्याचा हक्क आणि तपासून घेण्याचा हक्क, यांतला एकच निवडा, असं कुणी आपल्याला सांगितलंय?

पायाच्या दुखण्यात हे सगळ्यात जास्त महागात पडतं, कारण पाय हाताने तपासावा लागतो. डॉक्टर अंगठ्याने नडगी दाबतो आणि खळगा राहतो का ते बघतो. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतो. ती लागत नसेल तर रक्त पोहोचत नाही. दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून एक जास्त गरम आहे का ते पाहतो. डोळे मिटायला सांगून तळव्याला बारीक दोरा टेकवतो आणि विचारतो, ‘लागलं का?’ आडवं झोपवून पाय सरळ वर उचलतो आणि कळ कुठपर्यंत जाते ते विचारतो. या पाच गोष्टींना पाच मिनिटं लागतात आणि एक रुपयाचंही यंत्र लागत नाही. पण त्यांतली एकही गोष्ट व्हिडिओवर होत नाही.

दुसरी अडचण भाषेची. मराठीत पाय नुसता दुखत नाही. दिवसभर उभं राहून पायांना रग लागते. कंबरेतून टाचेपर्यंत कळ जाते. पिकलेल्या जखमेत ठणका असतो. पोटरीत गोळा येतो, कुठे त्याला वांब म्हणतात. तळव्यांची आग होते. मुंग्या येतात. पाय जड होतो. आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य आमच्या बाया सहज बोलून जातात: ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.’ हे प्रत्येक वाक्य वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतं. रग शिरांकडे, कळ मणक्याकडे, आग आणि मुंग्या मधुमेहाने खाल्लेल्या नसांकडे. चालताना पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, हे तंबाखूने आणि साखरेने अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांकडे. चप्पल निसटण्याचं वाक्य मधुमेहाकडे किंवा कुष्ठरोगाकडे. हे सगळं मोबाइलवर जाताना ‘लेग पेन’ होतं, राजाजीनगरातल्या केसपेपरवर ‘कालु नोवु’ होतं. अर्धं निदान तिथेच गळून जातं.

बाबासाहेबांचे स्वतःचे पाय अखेरच्या वर्षांत त्यांना झोपू देत नव्हते. मधुमेह, नसांचं दुखणं आणि संधिवात यांनी ते हैराण होते. डॉ. माधवराव मालवणकरांचे उपचार चालू होते, त्यांच्याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचं लग्न झालं, आणि पुढची आठ वर्षं डॉक्टर घरात होती. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते, हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. आपण ही आठवण हळवेपणाने सांगतो. तिच्यातला आजाराचा भाग मात्र विसरतो. मधुमेह पायांपासून माणूस खातो, आणि त्याला रोज हात लावून बघणारं कुणीतरी लागतं. आज आपल्या वस्त्यांत घरटी एक मधुमेही सापडेल, पण त्यातल्या किती जणांचे तळवे गेल्या वर्षभरात एखाद्या डॉक्टरने उलटे करून पाहिले, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावं.

आता नागपूरहून आलेल्या पोरांकडे येऊ. समजा, पंचविशीतला मुलगा आहे. रात्रपाळी, एसीचा गारठा, पाणी कमी, झोप कमी. मांड्यांत आणि गुडघ्यांत असह्य दुखतं, दोन दिवसांनी थांबतं, महिन्याने पुन्हा येतं. ऑनलाइन उत्तर मिळतं: व्हिटॅमिन डी कमी असेल, बसून काम करता, व्यायाम करा. नागपुरात वाढलेला डॉक्टर कदाचित पहिलाच प्रश्न विचारेल की सिकलसेलची तपासणी झाली आहे का. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध कुटुंबांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. थंडी, पाण्याची कमतरता, श्रम आणि ताप यांनी त्याच्या कळा उठतात. त्यात खुब्याचं हाड झिजून माणूस लंगडू लागतो आणि दुखतं मात्र गुडघ्यात.

इथे एक विरोधाभास आहे. मोबाइल आपल्याला जात विचारत नाही म्हणून आपण खूश असतो. पण सिकलसेलचा इतिहास आपल्या शरीरात आहे. मलेरियाच्या प्रदेशात या जनुकाच्या वाहकांना संरक्षण मिळालं म्हणून ते टिकलं, आणि जातीतच लग्न करण्याच्या सक्तीने ते ठरावीक समूहांत साठत गेलं. यात रक्ताच्या शुद्धतेचा किंवा कुठल्या समाजाच्या दोषाचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो डॉक्टरने योग्य प्रश्न विचारण्याशी. अपमान करण्यासाठी विचारलेलं गाव आणि निदानासाठी विचारलेलं गाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याला दुसऱ्या प्रकारचा प्रश्न हवा आहे. म्हणून विदर्भातल्या प्रत्येक तरुणाने बेंगळुरूतल्या डॉक्टरला आपणहून सांगावं की मी अमुक भागातला आहे, माझी सिकलसेल तपासणी करा. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यात काही आढळलं तर इलेक्ट्रोफोरेसिस. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. कळांनी तळमळणाऱ्या पोराला ‘नाटकं करतो’ म्हणणं त्यामुळे थांबलेलं नाही, पण निदान कागदावर असलं की भांडायला जागा मिळते.

तिसरं उदाहरण गटारात आणि कचऱ्यात काम करणाऱ्यांचं. बेंगळुरूत त्यांना पौरकार्मिक म्हणतात. त्यांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही. पोटरी दाबून पाहणारा डॉक्टर आणि ‘काम काय करता?’ असं विचारणारा डॉक्टर याला लगेच ओळखू शकतो आणि वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. वेळ गेली तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होतात. मोबाइलवर ‘ताप आणि पाय दुखणं’ याचं उत्तर मिळतं ‘व्हायरल’. सोबत वेदनाशामक गोळी. ज्याचं मूत्रपिंड आधीच धोक्यात आहे त्याला ती गोळी आणखी खड्ड्यात घालते. काम जातीवरून ठरतं आणि काम आजार देतं, ही साखळी ऑनलाइन अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मग कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारने टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, सल्ला देणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवला पाहिजे. दुसरी, रुग्ण प्रत्यक्ष येऊन दाखवायला तयार असेल तर डॉक्टर त्याला ऑनलाइनच दाखवा असा आग्रह धरू शकत नाही. तिसरी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या व्यवस्थेला रुग्णाला सल्ला द्यायची किंवा औषध लिहायची परवानगी नाही. म्हणजे आज रात्री चॅटबॉट गोड मराठीत जे सांगतो त्याची जबाबदारी घेणारा डॉक्टर त्याच्यामागे नाही. चुकलं तर कुणावर तक्रार करणार?

दुसरा कायदा त्याहून जुना आणि जास्त आपला आहे. राजाजीनगरातलं ईएसआय रुग्णालय ज्या योजनेवर उभं आहे तिची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना झाली. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कायदा झाला १९४८ मध्ये, तेव्हा मजूरमंत्री होते बाबू जगजीवन राम. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. या देशातल्या कामगाराला आजारपणात डॉक्टर आणि पगार दोन्ही मिळावेत, ही तरतूद दोन दलित मजूरमंत्र्यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. म्हणून ईएसआयच्या दारात उभं राहताना आपण कुणाकडे उपकार मागत नसतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो.

आणि इथेच ऑनलाइन सल्ल्याचा एक छुपा तोटा आहे. विम्यातल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. मोबाइलवर मिळालेली गोळी खाऊन शिलाई मशीनमागे उभी राहणारी बाई आपला दाखला, आपला भत्ता आणि कामामुळे झालेल्या दुखण्याची नोंद हे तिन्ही गमावते. तिच्या पायांनी फॅक्टरीला काय दिलं हे कुठल्याच कागदावर उरत नाही. कंपनीच्या दृष्टीने असा रुग्ण उत्तम: रात्री स्वतःच्या वेळेत आजारी पडतो आणि सकाळी हजर होतो.

ही योजनाही सगळ्यांना पुरत नाही. २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये धरली गेली. त्याच्या वर गेलेला बाहेर, आणि घरकाम करणाऱ्या, फेरी लावणाऱ्या, पार्सल पोहोचवणाऱ्या माणसाचा तर त्यात शिरकावच अवघड. त्यांच्यासाठी नम्म क्लिनिक आहेत, मल्लेश्वरमचं के. सी. जनरल रुग्णालय आहे, आणि मोबाइलवरच हवं असेल तर सरकारची ई-संजीवनी मोफत आहे.

कुणी म्हणेल, रुग्णालयांची इतकी वकिली करता, तिथले हाल माहीत आहेत का? माहीत आहेत. सरकारी रुग्णालयात माणूस वस्तू होतो आणि खासगीत ग्राहक होतो. वैद्यकीय व्यवस्थेच्या आत गेलेल्या आपल्या मुलामुलींचं काय होतं तेही माहीत आहे. मुंबईत डॉ. पायल तडवीने २२ मे २०१९ रोजी आयुष्य संपवलं, तिच्या घरच्यांनी जातीवरून छळ झाल्याची तक्रार केली आणि ती कोर्टात गेली. पण या सगळ्यावर उपाय म्हणून आपणच रुग्णालय सोडून मोबाइलमध्ये शिरलो, तर ती इमारत, ते बेड, ती यंत्रं दुसऱ्या कुणासाठी उरतात. ज्याला ओळखीने आत जाता येतं तो आत जातोच. ऑनलाइनवर समाधान मानायला कोण लागतं, हे आपण बघतोच आहोत.

ऑनलाइन सल्ला टाकून द्या असंही मी म्हणत नाही. रिपोर्टमधले आकडे समजून घ्यायला, दुसरं मत घ्यायला, एकदा प्रत्यक्ष तपासून झाल्यावर पुढची विचारपूस करायला, कुठल्या विभागात जायचं ते कळायला त्याचा उपयोग आहे. लाजेने अडलेलं पहिलं वाक्य बोलून टाकायला तर आहेच. तो रुग्णालयाच्या दारापर्यंत नेणारा जिना असावा. विचारताना ‘लेग पेन’ लिहू नका. कुठे, कधीपासून, एका पायात की दोन्ही, चालताना की झोपेत, कळ की आग की बधिरपणा, काम काय, शुगर आहे का, तंबाखू आहे का, मूळ भाग कुठला, हे आपल्या भाषेत लिहा. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बघा. आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: ‘माझा पाय हाताने तपासायला हवा का?’ प्रामाणिक डॉक्टर बहुतेक वेळा हो म्हणेल.

काही दुखण्यांत तर मोबाइल उघडायचाच नाही. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबली की दुखते, विशेषतः बाळंतपण, ऑपरेशन किंवा लांब आजारपणानंतर, तर रक्ताची गुठळी असू शकते. मालिश करू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर १०८ ला फोन करा. पाय अचानक गार, पांढरा पडला आणि प्रचंड दुखू लागला तर हातात काही तासच असतात. कंबरेच्या कळेबरोबर लघवी अडली किंवा दोन्ही मांड्यांमधली जागा बधिर झाली, तरी तेच. मधुमेही माणसाचं बोट काळं पडलं किंवा जखम भरत नाही, तर उद्यावर ढकलू नका, दुखत नसलं तरी. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला किंवा छातीत दुखलं, तर घरात थांबू नका.

आता मागण्या. राजाजीनगरात आणि कामगारांच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात पाळी सुटल्यानंतरची ओपीडी हवी, म्हणजे हजेरी बुडणार नाही. केसपेपरच्या खिडकीवर कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी समजणारा माणूस हवा. प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी उघडे करून तपासलेच पाहिजेत आणि तशी नोंद कागदावर हवी. सफाई कामगारांच्या केसपेपरवर कामाचा रकाना भरलाच पाहिजे. विदर्भातून आणि आदिवासी भागांतून आलेल्यांना सिकलसेलची तपासणी न मागता मिळायला हवी. स्पर्श टाळला, आडनावावरून बोललं, तर तक्रार कुठे करायची ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं. आणि त्या टेबलापलीकडे आपलीही मुलं-मुली डॉक्टर म्हणून बसलेली हवीत.

स्पर्शाचा प्रश्न आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. त्या संसर्गाने १० मार्चला त्या गेल्या. ज्या आजारात हात लावणं खरोखर धोक्याचं होतं, तिथे त्यांनी हात लावला. आज पाय तपासायला हात लावण्यात डॉक्टरला कसलाच धोका नाही. तो हात मागायला आपण लाजायचं कारण नाही. उद्या सुट्टी टाका, पगाराची स्लिप आणि ईएसआयचं कार्ड घ्या, घरातल्या कुणालातरी सोबत न्या, चप्पल काढा आणि पाय समोर करा.